मंद इंजिनावरची गोळी

"ते धूड सुरू झालं की माझी कवळी हलते, बाई. काल तर चहात पडता पडता राहिली," स्टॅलिब्रास कुरकुरला.

एनिड गार्बटने मान वर केली नाही. जेट इंजिनाच्या शेपटाकडच्या पत्र्यावर ती खडूने खूण करत होती. आजची गोळी तिथे बसायची होती.

"मग कवळी खिशात ठेवा. गोळी काही दातांनी मारायची नाहीये."

स्टॅलिब्रास आरमारातून निवृत्त झालेला तोफची. एसेक्सच्या किनाऱ्यावरच्या या दलदलीतल्या मैदानात चालू इंजिनावर बंदूक झाडायची त्याने, आणि कुठे काय मोडलं ते तपासायचं एनिडने. महायुद्ध संपून दोन वर्षं झाली होती. साखर अजून रेशनवर मिळत होती, इंजिनं मात्र नवनवी येत होती.

जुन्या पिस्टनच्या इंजिनांच्या खोड्या तिला तोंडपाठ होत्या. पाण्यावर थंड होणारं इंजिन दिसायला राजबिंडं, पण नळीला एक गोळी लागली की पाणी वाहून जायचं आणि थोड्या वेळात सगळं जाम. हवेवर थंड होणारं मात्र चिवट. एक सिलिंडर उडाला तरी खोकत खोकत चालत राहायचं. या नव्या जेटला तर पाण्याची गरजच नव्हती. महिनाभर त्याला गोळ्या घातल्या. भोकं पडली, पण ते आपलं फिरतच राहिलं. सगळे खूश. इतके खूश की इंजिनातल्या पात्यांच्या चाकाभोवतीचा, तुटलेलं पातं अडवणारा पोलादी पट्टा काढून टाकावा, विमान तेवढंच हलकं होईल, असं मंत्रालयात ठरत आलं होतं. त्या पट्ट्याच्या पलीकडे इंधनाची टाकी होती, आणि टाकीच्या पुढे वैमानिक. मैदानाचे प्रमुख लॅथबरीसाहेब यांचा होकार तेवढा आजच्या संध्याकाळच्या गाडीने जायचा होता.

आणि आज सकाळी सायकलवरून येताना एक गोष्ट ध्यानात येऊन एनिड मधेच उतरून उभी राहिली होती.

मैदानाची एक जुनी शिस्त होती. बंदूक झाडण्याआधी इंजिन मंद करायचं, म्हणजे थांबायची घंटी सगळ्यांना ऐकू जाईल. पूर्वी एकदा घंटी ऐकू न आल्यामुळे एकाचा हात गेला होता, तेव्हापासून ही शिस्त कुणी मोडली नव्हती. पिस्टनच्या इंजिनाला त्याने फारसा फरक पडत नसे. भोक पडलं की पाणी मंद इंजिनातूनही वाहतंच. पण जेटचा सगळा जीव त्या चाकात. मंद फिरणारं चाक एखादं पातं गमावून गप्प बसेल. पूर्ण वेगात काय करेल? आणि लढाईत मंद उडतो कोण?

लॅथबरीसाहेब आले. "झाली का तयारी, मिसेस गार्बट?"

"झाली. पण आज पूर्ण वेगात मारायचं, साहेब."

"घंटी ऐकू येणार नाही."

"मी लाल झेंडा घेऊन उभी राहते."

"इंजिन एकच आहे आपल्याकडे."

"त्यावर उडणारी विमानं पुष्कळ आहेत."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "चहानंतर बघू."

"चहानंतर गाडी निघते, साहेब."

स्टॅलिब्रासला एकाएकी बंदुकीचा खटका पुसायचं फार महत्त्वाचं काम निघालं. साहेबांचा मुलगा ह्यू जेटच्या तुकडीत होता, हे मैदानावर सगळ्यांना ठाऊक होतं. साहेब कँटीनमध्ये शिरले की विमानांवरचं बोलणं चटकन पाऊसपाण्यावर यायचं. एनिडच्या जिभेवर आत्ता ते नाव आलं होतं. तिने ते गिळलं, पण जागची हलली नाही.

"पट्टा राहणार की जाणार, ते मंद चाकाला विचारून चालायचं नाही," ती म्हणाली. "मला भांडायला लावू नका. मी भांडेन."

साहेबांनी घड्याळ खिशात टाकलं. "एकच गोळी," ते म्हणाले.

टाकीची जागा असते तिथे तिने जाड फळ्या उभ्या केल्या आणि झेंडा घेऊन वाळूच्या पोत्यांमागे गेली. इंजिन चढत चढत किंचाळायला लागलं. तिने झेंडा खाली केला. गोळीचा आवाज कुणाला ऐकूच आला नाही. ऐकू आला तो नंतरचा, लोखंडाचं कपाट जिन्यावरून कोसळावं तसा. मग धूर, आणि पळत जाऊन आग विझवणारी माणसं.

"एकच मारली हो मी, देवाशपथ," स्टॅलिब्रास पुटपुटला.

फळ्यांच्या चिरफळ्या झाल्या होत्या. पात्यांचे तुकडे पट्टा फोडून, फळ्यांतून आरपार जाऊन मागच्या मातीत रुतले होते, अजून तापलेले. साहेबांनी हॅट काढली आणि एका भोकात बोट घातलं.

"इथे टाकी असते ना?"

"हो." एनिडला शब्द मऊ करता आले असते. तिने केले नाहीत. "पट्टा राहायला हवा, साहेब. आहे त्याहून जाड."

"राहील. मी स्वतः जातो गाडीने." पण ते निघाले नाहीत. बोट भोकातच होतं.

"ह्यू याच विमानात बसतो," ते म्हणाले. "माझा मुलगा. म्हणून हे फुटलेलं मला बघायचंच नव्हतं."