खाकी कव्हरांचा कप्पा

मी कपाट बोलतोय. नाशिकच्या एका जुन्या वाचनालयातलं, बालविभागातलं, काचेच्या दोन दारांचं. जन्मभर पोटात पुस्तकं बाळगली, पण मला वाचता येत नाही. जे कळलं ते माणसांच्या बोलण्यातून. म्हणून सावकाश सांगतो.

माझ्या वरच्या दोन कप्प्यांत राजपुत्र, पऱ्या आणि बंगल्यात राहणारी मुलं होती. वर्षानुवर्षं तीच. वाईट काही नव्हती. पण काचेबाहेरून बघणारी पोरं त्यांच्यासारखी दिसायची नाहीत, एवढं मला कळायचं.

मग मनीषाबाई ग्रंथपाल म्हणून आल्या. त्यांनी माझा तिसरा कप्पा रिकामा करून घेतला. इथं येणाऱ्या प्रत्येक पोराला पुस्तकात आपल्यासारखं कुणीतरी भेटलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. दोन वर्षं त्या शोधत हिंडल्या. पहाटे फुलं घेऊन बाजारात बसणाऱ्या आईची गोष्ट मिळाली. विहारात अभ्यासाला बसणाऱ्या भावंडांची मिळाली. डोळ्यांनी न दिसणाऱ्या मुलीची मिळाली. हरसूलकडच्या डोंगरातल्या बोलीतलं मात्र काहीच मिळेना. तेव्हा बाई तिथल्या आठवडे बाजारात गेल्या, नवसाबाई नावाच्या आजीजवळ बसल्या आणि तिची गोष्ट तिच्याच शब्दांत उतरवून घेतली. चित्रं आजीच्या नातवंडांनी काढली. ते पुस्तक मोतीरामनं दाभणानं शिवलं.

मोतीराम आमचा शिपाई, आणि बाइंडरही तोच. चौथीपर्यंत शिकलेला. पुस्तकाला पाय लागला तर दोनदा नमस्कार करणारा. तिसऱ्या कप्प्यावर त्याचा फार जीव. ही पुस्तकं परत मिळायची नाहीत, म्हणून त्यानं सगळ्यांना खळ लावून जाड खाकी कव्हरं घातली, पाठीवर आकडे लिहिले आणि मला कुलूप लावलं. किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात.

"मामा, पुस्तकं आहेत ती, दागिने नाहीत," मनीषाबाई हसून म्हणाल्या. मोतीरामनं मान डोलावली. त्याच महिन्यात बाईंच्या नेमणुकीची मुदत संपली आणि त्या गेल्या. कुलूप तसंच राहिलं.

पुढं चैताली यायला लागली. आठ वर्षांची. तिचा बाप हरसूलकडून मखमलाबादच्या मळ्यात कामाला आला होता. रविवारी तो भाजी घेऊन बाजारात बसायचा आणि पोरीला आमच्याकडे सोडायचा. शाळेत मुलं तिच्या बोलण्याला हसायची, म्हणून ती बोलणंच विसरत चालली होती. माझ्या काचेला नाक लावून उभी राहायची. ती गेली की मोतीराम नाकाचा ठसा फडक्यानं पुसायचा.

एकदा तिनं हळूच विचारलं, "आजोबा, आमी बोलतो तसं पुस्तक हाय का एखादं?"

मोतीरामनं तिच्या हातांकडं पाहिलं. बोटांना मेथीची माती होती.

"आहे गं. पण एकच आहे. थोडी मोठी हो, मग देईन."

"यातलं कंचं?"

त्यानं किल्लीनं दाखवलं. सगळ्या पाठी सारख्याच खाकी. तिनं डावीकडून मोजून सातवं लक्षात ठेवलं. त्यानंतर दर रविवारी ती सातव्यासमोरच उभी राहायची. मोतीराम तिच्या हातात एखादा राजपुत्र द्यायचा. ती तो मांडीवर ठेवायची, पान उलटायची नाही.

मग मळ्यातलं काम संपलं. बाप निफाडकडे द्राक्षांच्या कामाला गेला, त्याच्याबरोबर चैतालीही.

त्याच सुमारास योगेश नावाचा नवा कारकून यादी घेऊन आला. तीन वर्षं कुणी न नेलेली पुस्तकं बाद करायची होती. त्यानं सातव्याची तारखांची चिठ्ठी उघडली, मग आठव्याची.

"मामा, सगळ्या कोऱ्या. ही कुणी वाचतच नाही."

"मीच दिली नाहीत, साहेब," मोतीराम म्हणाला. "खराब होतील म्हणून."

योगेश वाईट माणूस नव्हता. पण यादी वर गेलेली होती. सुतळीनं गठ्ठे बांधले गेले. मोतीरामनं हात जोडून सातवं पुस्तक मागून घेतलं.

सगळे गेल्यावर माझ्यासमोर बसून त्यानं त्याचं कव्हर सोडवलं. खळ पक्की होती, वेळ लागला. आत डोंगर होता, दोन शेळ्या होत्या आणि त्यांच्याशी बोलणारी एक सावळी पोर. आपण काय झाकलं होतं, ते तो विसरूनच गेला होता.

पुढच्या रविवारी तो पुस्तक पिशवीत घालून निफाडला गेला. बागेबागेत विचारलं. मजुरांची टोळी आणखी पुढं गेली होती. कुठं, ते कुणाला ठाऊक नव्हतं. परत आला तेव्हा पिशवी तशीच भरलेली होती.

आता मी व्हरांड्यात आहे. एका पायाला वाळवी लागली आहे. वरच्या कप्प्यांत फायली आहेत. तिसऱ्यात ते एकच पुस्तक, बिनकव्हराचं, काचेकडे तोंड करून. कुलूप काढून टाकलंय. तुमच्या गावच्या वाचनालयात बंद कपाट दिसलं, तर बाबांनो, किल्ली मागा. आम्हाला मागता येत नाही.

मोतीराम अजून दर रविवारी माझी काच पुसतो. वरून पुसत येतो आणि खाली, आठ वर्षांच्या पोरीच्या उंचीवर, थांबतो. तिच्या शेवटच्या रविवारचा ठसा पुसायचा राहून गेला होता. फिका झालाय आता. तेवढी जागा सोडून तो बाकीची काच लख्ख करतो.