लाल पंखा

नव्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेत पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापलं होतं : चिन्हं – को. माझं नाव शेवटच्या पानावरही नव्हतं.

तीन वर्षं मी तैपेईच्या या कंपनीत वायफायच्या मेनूतली चिन्हं काढतेय. जोडलेलं, तुटलेलं, कुलूप लावलेलं. नखाएवढ्या जागेत बसवायची आणि बघणाऱ्याला विचार करायला लावायचं नाही. मी चिठ्ठ्यांवर काढून सोयाचं दूध विकणाऱ्या आजींना दाखवायचे, त्यांचा चष्मा काढायला लावून.

"हा काय, घडीचा पंखा?" त्या म्हणायच्या. "आणि यातलं वारं कुठं गेलं?"

"वारं नाहीच, आजी. तुटलंय."

"मग असा भरीव कशाला काढलास? पोकळ काढ की!"

पोकळ म्हणजे तुटलेलं, भरीव म्हणजे जोडलेलं. त्या एका गोष्टीपायी मी चौदा वह्या भरल्या होत्या. आणि को साहेबांनी काय केलं? वर स्वतःचं नाव टाकलं.

चोरी पचावी म्हणून त्यांनी आपला हातही फिरवला. त्यांचा अर्धा दिवस फोनवर शेअरचे भाव बघण्यात जातो. आमच्याकडे भाव चढला की आकडा लाल, पडला की हिरवा. साहेबांनी दोन्ही पंखे भरीव केले, जोडलेला लाल आणि तुटलेला हिरवा.

"काय गं छोटी शेन, कसा उठून दिसतोय?"

"छान दिसतोय, साहेब."

शेजारच्या पेइयिंगनं मला कोपर मारलं. साहेब गेल्यावर कुजबुजली, "ताई, माल जर्मनीला जायचाय! तिकडे लाल म्हणजे बंद. सांगा ना त्यांना."

"पहिलं पान वाचलंस?"

"वाचलं."

"मग गप्प बस. पडू दे तोंडावर."

एकवीस दिवस मी गप्प बसले. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं.

हॅम्बुर्गहून ब्रांट बाई आल्या. त्यांची कंपनी आमची वायफायची यंत्रं घेणार होती. "छोटी शेन, चहाचं बघ तू," साहेब म्हणाले. मी चहा ओतला आणि भिंतीशी उभी राहिले.

बाईंनी मेनू उघडला. पंखा लाल होता. "हे जोडलेलं नाही," म्हणत त्यांनी बोट दाबलं. पंखा हिरवा झाला. "हां, आता जोडलं." पान काही उघडेना. पुन्हा बोट, पुन्हा लाल. तिसऱ्या खेपेला त्यांनी यंत्र टेबलावर ठेवलं. मी किटली उचलून त्यांचा कप पुन्हा काठोकाठ भरला.

"ही चिन्हं कुणी काढली?" बाईंनी विचारलं.

साहेब ताडकन उठले. "या शेन युचिए यांनी."

तीन वर्षांत पहिल्यांदा त्या तोंडून माझं पूर्ण नाव निघालं, आणि तेही असं! मी किटली खाली ठेवली, खिशातून दुधाचे डाग पडलेल्या काळ्या-पांढऱ्या चिठ्ठ्या काढल्या आणि बाईंपुढे मांडल्या.

"जोडलेलं," त्या लगेच म्हणाल्या. "तुटलेलं. कुलूप. हे तर स्वच्छ कळतंय! मग लाल रंग कुणी दिला?"

"साहेबांनी."

साहेबांनी मान खाली घातली. हे बघायला मी एकवीस दिवस थांबले होते.

बाईंनी पेन काढलं आणि पुस्तिकेच्या पहिल्या पानावरचं को हे नाव सरळ रेघेनं खोडलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "रंग चुकलाय हे तुम्हाला आजच कळलं?"

"पहिल्या दिवशीच कळलं होतं," मी मान ताठ ठेवून म्हणाले.

"आणि बोलला नाहीत?"

"नाही."

"त्यांना समजलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला समजलं होतं."

खोडलेल्या नावाखाली भरपूर जागा होती. माझी नजर पेनाच्या टोकावरून हलत नव्हती. बाईंनी पेनाला टोपण लावलं.