गवत रुजेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा बोर्ड आहे. दवाखान्यामागच्या हिरवळीच्या कडेला बुटक्या लोखंडी पायावर उभा असतो. परवाच माझ्यावर नवा रंग चढला आहे, तेव्हा लगेच हात लावू नका.

माझा जन्म रंगारीकाकांच्या दुकानात झाला. त्याआधी मी तेलाच्या पिंपाचा पत्रा होतो, पण ते सोडा. काकांनी मला लाल रंगवून पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, ‘हिरवळीवर चालण्यास सक्त मनाई आहे. हुकमावरून.’ आणि जागा उरली नाही म्हणून अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, ‘गवत रुजेपर्यंत.’ तेव्हा इथे नुसती माती होती आणि नुकतंच बी पेरलेलं होतं. कोवळ्या कोंबांवर पाय पडू नये, एवढंच माझं काम.

ते मी चोख केलं. गवत रुजलं, फोफावलं, आणि माझ्या पायाशी इतकं दाट झालं की त्यानं माझी शेवटची ओळच झाकून टाकली. काम संपलं, पण मला उतरवायला कोणी आलं नाही. हुकूम काढणारे साहेब बदलून गेले. पुढच्या साहेबांना वाटलं, असेल काहीतरी कारण. वॉचमनमामांना तर माझा शब्द म्हणजे कायदा. मुलांचा चेंडू आत गेला तरी ते काठी घेऊन धावायचे. खरं सांगू? तेव्हा मलाही त्याचा तोरा होता.

मग यंदा टपाल वाटणाऱ्या ताई आल्या. सायकलवरून पडून त्यांचा पाय मोडला होता. हाड जुळलं, पण मनातली भीती जाईना. गुळगुळीत फरशीवर त्या एकदा आपटल्या आणि त्यानंतर कुबड्या सोडायलाच तयार होईनात. चालता आलं नाही तर दारोदार फिरणं बंद, कायमचं टपाल कचेरीच्या खिडकीमागे बसणं आलं. नुसत्या त्या विचारानं त्यांचे डोळे भरायचे.

“गवतावर चालवा त्यांना,” व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या. “पडल्या तरी लागणार नाही.”

धाकटी बहीण त्यांना घेऊन आली. मामा आडवे आले.

“बोर्ड दिसत नाही का? हुकूम आहे.”

“अहो मामा, चार पावलं टाकू द्या की!”

“मला का वाईट वाटत नाही? पण उद्या माझ्यावरच शेकेल.”

डॉक्टरबाईंनी वर विचारलं. वरून उत्तर आलं, विचार करून कळवतो. ताई रोज बाकावर बसून हिरवळीकडे बघत राहायच्या. माझा जीव तुटायचा. अहो, माझ्या पायाशी वाचा! पण बोर्डाला बोलता कुठे येतं?

शेवटी अक्षरं पुसट झाली म्हणून रंगारीकाकांना बोलावणं गेलं. काकांचे केस आता पांढरे झालेत. खाली बसून त्यांनी गवत बाजूला सारलं आणि थबकले.

“मामा, जरा इकडे या. हे अक्षर माझंच आहे.”

मामांनी वाकून मोठ्यानं वाचलं, “गवत... रुजेपर्यंत.” त्यांनी घोट्याएवढ्या गवताकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं. काठी बाकाला टेकवली आणि हात पुढे केला.

“चला ताई. हुकूम केव्हाच संपलाय.”

ताई चपला काढून हिरवळीवर उतरल्या. दोन-तीन पावलं टाकली आणि पडल्या! सगळ्यांचा जीव खालीवर झाला. पण ताई बसल्या जागी हसायलाच लागल्या.

“अगं, लागलंच नाही!” असं बहिणीला म्हणत त्या उठल्या, ते एक कुबडी तिथेच टाकून.

“मग आता मी लिहू काय?” काकांनी विचारलं.

“होतं त्याच्या बरोबर उलट,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

सक्त गेलं, खुशाल आलं. मनाईच्या जागी मुभा आली. ‘हुकमावरून’पाशी मात्र ब्रश अडला. मामांनी डोकं खाजवलं.

“विनंती लिहा. चपला काढा म्हणावं. मऊ लागतं पायाला.”

म्हणजे मामाही कधीतरी गुपचूप चालून आले असणार! आज सकाळी ताईंची दुसरी कुबडीही बाकाला टेकलेली होती, मामांच्या काठीशेजारी.

मित्रांनो, कोवळ्या कोंबांसाठी हुकूम काढावा लागतो, त्यात वाईट काही नाही. पण तो कधी उतरवायचा हेही लिहीत जा. आणि ती ओळ जरा वर लिहा, गवताच्या वर.