लाल दिव्यांच्या वरचा थर्मोस्टॅट

मी एक जुना थर्मोस्टॅट आहे. मलेशियातल्या इपो शहरातल्या ज्येष्ठ मंडळाच्या भिंतीवर मी असतो. खोली तापली की एसीला हाक मारायची आणि गार झाली की त्याला गप्प करायचं, एवढंच माझं काम.

मला लाऊ कोक सेंग यांनी आणलं. मंडळही त्यांनीच काढलेलं. ते मला पंचविसावर लावत आणि कुणी बटणाला हात लावला की खेकसत, "वीज काय तुझ्या बापाने पुरून ठेवलीय?" तेव्हा माझं फार कौतुक व्हायचं. कुणाला घाम नाही, कुणाला हुडहुडी नाही आणि वीजही वाया जात नाही. चौघांचा माहजोंगच्या सोंगट्यांचा डाव दुपारभर रंगायचा.

मग लाऊ वारले. त्यांच्या पत्नी मुईवहिनींनी त्यांचा फोटो माझ्या खालीच टांगला आणि चिनी रीतीप्रमाणे पुढे दोन लाल दिवे लावले. पूर्वजांचे दिवे कुणी विझवत नाही. मित्रांनो, त्या दिव्यांची ऊब थेट माझ्या अंगावर येते. खोली गारठलेली असते, पण मला मात्र गरम लागतं आणि मला लागतं तेवढंच मी सांगू शकतो. एसी थांबतच नाही. सुरुवातीला मला याचं वाईट वाटायचं.

"वहिनी, इथे आता मासे ठेवा, माणसं नकोत!" असं म्हणून चॅनबाबा डावावरून उठले, ते परत आलेच नाहीत. तिघांत डाव होत नाही. वहिनींखेरीज उरलेले दोघेही मग यायचे थांबले.

मेकॅनिक आला. "हे खोकं म्हातारं झालंय. काढून टाकतो."

"खबरदार! ह्यांनी लावलंय ते."

"बरं बाई, राहू दे." त्याने फोटोला हात जोडले आणि शिडी उचलली.

आता वहिनी एकट्याच येतात. स्वेटर घालून फोटोसमोर बसतात आणि दिव्यांवर बोटं शेकतात. काल त्या फोटोला म्हणाल्या, "अहो, तुम्ही गेलात आणि खोली किती गार पडली, बघा."

मी ते ऐकलं. मला गरम लागत होतं. मी एसी चालू ठेवला.

मित्रांनो, तुमच्या भिंतीवर माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला खोलीची हवा लागू द्या. त्याच्याजवळ दिवा लावू नका. प्रेमाने तर मुळीच लावू नका, कारण तो दिवा मग कुणी हलवत नाही.