निवणारी गाडी

सकाळचे ऊन घाईत नव्हते. आधी ते समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर टेकले, मग भिंतीवरून ओघळत फाटकाच्या गजांपर्यंत आले आणि तिथून पट्ट्यापट्ट्यांनी वडिलांच्या जुन्या गाडीवर येऊन थांबले. रोजच्यापेक्षा तासभर आधी उठून, पायरीवर बसून तो ते पाहत होता. मांडीवर नकाराचे पत्र होते: दूरच्या शहरातली नोकरी स्वीकारता येत नाही, आईला एकटे सोडणे शक्य नाही. फक्त सही उरली होती.

टक्. गाडीखाली काहीतरी वाजले. जरा वेळाने पुन्हा. वडील गेल्यापासून, म्हणजे वर्षभर, या गाडीला कोणी हात लावल्याचे त्याने पाहिले नव्हते. तो गुडघे टेकून खाली डोकावला.

"काय रे, लपाछपी का?" कुंपणापलीकडून ड्रायव्हरकाकांनी विचारले. निवृत्त होऊन बस सुटली होती, तरी आवाज हॉर्नचाच राहिला होता.

"खाली काहीतरी वाजतंय, काका."

"धुराचा पाइप तो. तापला की फुगतो, निवताना आकसतो. चालून आलेली गाडी थोडा वेळ अशी कुरकुरतेच."

"पण ही चाललीच नाहीये."

काकांना एकाएकी झाडांना पाणी घालायचे आठवले.

त्याने बॉनेटवर तळहात ठेवला. एवढ्याशा उन्हाने पत्रा इतका तापला नसता. मागे दारात आई उभी होती, हातात भाजीची पिशवी.

"महिना झाला," ती म्हणाली. "तू उठायच्या आत बाजारात जाऊन येते. काकांनी शिकवलं."

"मागे घेताना माझ्या कुंड्या फोडते!" कुंपणापलीकडून काका ओरडले.

"एकच फुटली हो!"

"मला का नाही सांगितलंस?" त्याने विचारले.

"शेजारी जीव मुठीत धरून बसला असतास. मग मी रस्ता बघू की तुला?" तिने त्याच्या हातातल्या कागदाकडे पाहिले, मागितला मात्र नाही. "जायच्या दिवशी स्टेशनवर मी सोडते. सामान बेताचं घे, नाहीतर मागचं दिसत नाही मला."

ती आत गेली. त्याने पत्र पुन्हा वाचले, सावकाश चार घड्या घातल्या. गेले वर्षभर दाराची कडी तीन-तीनदा तोच तपासत होता, आईच्या खोलीतला दिवा दिसावा म्हणून आपले दार उघडे ठेवत होता.

एकटे राहायला तो घाबरत होता.