लघिमानंदांचं पालटव्रत

"एकोणऐंशी! दोन किलो उतरले!" काट्याजवळचा चेला मंजुनाथ सुई बघून ओरडला आणि बेंगळुरूतल्या राजाजीनगरच्या त्या कल्याणमंडपात दीडशे बायकांनी एका सुरात "जय लघिमा!" केलं. काट्यावर उभी होती माझी आत्या, सकवारबाई. नवरीसुद्धा बोहल्यावर इतकी लाजत नसेल. समोर गादीवर लघिमानंद स्वामी; लघिमा म्हणजे कापसासारखं हलकं होण्याची सिद्धी. त्यांचं स्वतःचं वजन कुणी कधी केलं नव्हतं, त्यासाठी तांदळाच्या वखारीतला काटा आणावा लागला असता.

ही १९९६ सालची गोष्ट. मी, भव्या, जवळच्याच हायस्कुलात विज्ञान शिकवत होते आणि दर रविवारी आत्याला ऑटोतून तिथं पोचवायचं पाप माझ्याच माथी आलं होतं.

आत्याला मधुमेह. डॉक्टर सत्यनारायण म्हणाले होते, "रात्रीचा भात सोडा, वजन उतरवा. मग गोळी कमी करता येईल." गोळी सुटावी, एवढंच तिला हवं होतं. तिनं भात सोडला, तीन महिन्यांत चार किलो उतरली, आणि मग सुई एक्क्याऐंशीवर जी अडली ती अडलीच. दोन महिने हलेना. बिचारी रडकुंडीला आली आणि नेमकी स्वामींच्या हाती लागली.

"हे चरबीचं भूत, अक्का," स्वामींनी निदान केलं होतं. "स्वल्प हट्टी आहे. रोज उपाशी ठेवलं की ते सावध होतं, चरबीला मिठी मारून बसतं. त्याला आलटून-पालटून फसवायचं, हेच पालटव्रत! गुरुवार, शुक्रवार, शनिवार धान्याचा कण नाही. रविवारी सकाळी उपाशीपोटी माझ्या काट्यावर. मग बुधवारपर्यंत पोटभर भात. आज काय वाढून ठेवलंय ते भुताला कळतच नाही! आणि रोज चिमूटभर अंगारा."

"भुताला कॅलेंडर वाचता येत नाही वाटतं?" मी विचारलं.

"सरी, बरं, टीचर दिसता," स्वामी गोड हसले. "शिकलेल्यांची भुतं जास्त जड असतात."

एकोणऐंशीच्या त्या रविवारनंतर बुधवारी मी आत्याला डॉक्टरांच्या काट्यावर उभं केलं. पुन्हा एक्क्याऐंशी. स्वामींना विचारलं तर म्हणाले, "बुधवारी भूत माहेरी येतं."

मग मी आत्याच्या स्वयंपाकघरात डोकावले. आमच्या बेंगळुरूच्या जुन्या मराठी घरांत भात म्हणजे जेवण. भाताशिवाय जे काही पोटात जाईल तो फळार, आणि फळार कुणी मोजत नाही. आत्यानं भाताऐवजी आधी वाटीभर उप्पीट घेतलं. वजन उतरलं तसा धीर आला आणि वाटीचं ताट झालं. सोमवारी रात्री तर तीन डोसे, वर बटाट्याची भाजी.

"आत्या, भूतबीत काही नाही. तुझं वजन फळारानं अडवलंय."

"अय्यो, मी रात्री जेवतच नाही गं!" ती चिडली. "डॉक्टरांनी भात सोड म्हटलं, फळार सोड कुठं म्हटलं?"

तिसऱ्या रविवारी रांगेत उभ्या उभ्या तिचे हात थरथरायला लागले. अंग घामानं डबडबलं, डोळे फिरले, ती काहीतरी बरळू लागली.

"आली! लघिमादेवी अंगात आली!" स्वामी गादीवरून जवळजवळ उडालेच. बायका धडाधड तिच्या पायांवर पडू लागल्या. कुणी कुंकू फासलं, कुणी ओटी भरली. आत्याची मान एका बाजूला कलली. मी बायकांना सारून पुढं घुसले.

"आत्या, सकाळची गोळी घेतलीस?"

"घेतली..."

तीन दिवस धान्य नाही, सकाळपासून पोटात काही नाही, आणि वरून रक्तातली साखर उतरवायची गोळी! साखर फारच खाली गेली होती. मी मंडपाच्या स्वयंपाकघरातून पेलाभर पाण्यात मूठभर साखर ढवळून आणली.

"गोड नको! व्रत मोडेल!" स्वामी आडवे आले.

"मोडू दे. बाजूला व्हा, नाहीतर हा पेला तुमच्या डोक्यावर ओतीन!"

शुद्ध होती म्हणून घोट घोट पाजता आलं. दहा-पंधरा मिनिटांत आत्यानं डोळे नीट उघडले. "भव्या, एवढी माणसं माझ्याकडं का बघतायत गं?"

"देवी प्रसन्न होऊन गेली," स्वामींनी जाहीर केलं.

"मूठभर साखरेनं?" मी म्हटलं. आत्याच्या हातात केळं दिलं, डॉक्टरांकडं न्यायला रांगेतल्या एका बाईला ऑटो आणायला पिटाळलं आणि मंजुनाथाला काट्यावर चढवलं. त्रेसष्ट. "आता हे दोन तांबे पाणी पी." तो भाबडेपणानं प्यायला. चौसष्टच्या पुढं!

"बघा, मंजुनाथाला भूत लागलं!" मी म्हटलं. बायका खुदकन हसल्या, तशी मी पुढं बोलले, "भातातली साखर शरीर साठवतं, आणि तिच्यासोबत तिच्या तिप्पट पाणी. धान्य बंद केलं की साठा संपतो, पाणी लघवीवाटे जातं. उतरतं ते बहुतेक पाणीच. भात खाल्ला की परत. म्हणून हे रविवारीच वजन करतात, बुधवारी कधीच नाही. कधी भात जास्त, कधी कमी असं खाऊन कुणाला पथ्य सोपं जात असेल, तर जाऊ दे. चरबी उतरते ती सगळं मिळून किती खाल्लं त्यावर, फळारासकट! आणि गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असं पथ्य नाही. स्वामी, येत्या बुधवारी मांडता काटा?"

"बुधवारी," स्वामी घाम पुसत म्हणाले, "काटा मौनात असतो."

आता सगळ्या हसल्या. तरी मागच्या रांगेतून कृष्णाबाई हार घेऊन आल्याच. देवीचा स्पर्श झालेली बाई, पाया पडायचं उगाच राहायला नको, म्हणून त्यांनी तो आत्याच्या गळ्यात घातला आणि वाकल्या.

आत्यानं त्यांचे खांदे धरून त्यांना वर उठवलं. हार काढून त्यांच्याच हातात दिला. तिचा आवाज अजून कापत होता, पण मंडपात शेवटपर्यंत ऐकू गेला.

"कृष्णाक्का, माझ्या अंगात कुणी आलं नव्हतं. मी मरत होते, आणि तुम्ही सगळ्या माझ्या पाया पडत होता. पुन्हा कुणी अशी थरथरली तर तिच्या पायाकडं नका बघू. तोंडाकडं बघा. तिनं काय खाल्लंय, कसली गोळी घेतलीय ते विचारा. एवढं विचारलंत तरी एक बाई जिवंत घरी जाईल."