टेबलावरचं मेणकापड

वारंगा फाट्यावरच्या एका लहान दवाखान्यात, बाळंतिणींच्या खोलीत, लेकरांना पुसायच्या टेबलाला नवा लेप दिला होता. त्यावर उजेड पडला की जंतू मरतात, असं लेप देणाऱ्यांनी सिस्टर रागिणीला बजावून सांगितलं होतं.

सकाळी ती आली तर खोलीत अंधार. मेंढरं राखणाऱ्या शालूबाईनं सुनेला वारं लागू नये म्हणून खिडकीला घोंगडी बांधली होती. रागिणी भडकलीच.

"काहून झाकली खिडकी? तुमच्यासारख्यांमुळंच लेकरं आजारी पडतात! उजेडच न्हाई तर लेप काय कामाचा?"

खाटांवरच्या बायका बघत राहिल्या. शालूबाईनं घोंगडी सोडून काखेत धरली. ऊन थेट टेबलावर आलं आणि त्यावरचं फुलाफुलांचं मेणकापड चकाकलं. लेपाला डाग पडू नयेत म्हणून रागिणीनंच ते पहिल्या दिवशी चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बसवलं होतं.

शालूबाईनं भीतभीत विचारलं, "सिस्टर, हे बी काढू का?"

रागिणीला मान वर करवेना. "राहू द्या, मी काढते."

पण पट्टी नखानं निघेना. तेव्हा शालूबाईच घोंगडी खाली ठेवून दुसऱ्या टोकाला वाकली.